एकाच माणसाचं टेबल

परवा बाणेरला एका नव्या हॉटेलात एकटीच जेवायला गेले. दारातल्या मुलीनं गोड हसून विचारलं, "किती जण?" मी म्हटलं, "एक." तर ती माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. जणू माझा नवरा, पोरं, सासू, सगळे गाडी लावून येतच असणार. मी जागची हलले नाही तेव्हा तिनं पुन्हा विचारलं, बाकीचे मागून येताहेत का. मी त्या बिचारीवर अशी खेकसले की शेजारच्या टेबलावरचे लोक चमचे हातात धरून बघत राहिले. नंतर मला वाईट वाटलं, मी तिची माफीही मागितली. पण तोवर टिपणीसबाई माझ्या अंगात शिरल्या होत्या, त्याला माझा काय इलाज?

टिपणीसबाई जाऊन आता वर्ष होईल. माझ्या नात्यागोत्याच्या त्या कुणी नव्हत्या. नोकरीसाठी मी पुण्याहून दिल्लीला गेले आणि द्वारकेत एका सोसायटीत भाड्यानं राहिले, तिथं वरच्या मजल्यावर त्या होत्या. नाव निर्मला. एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या. सगळा संसार सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला, मग नवरा-बायकोनं मिळून द्वारकेत हा फ्लॅट घेतला आणि तीन वर्षांत टिपणीससाहेब गेले. मी राहायला गेले तेव्हा त्यांना जाऊन चार-पाच महिने झाले असतील. मुलगा समीर बंगळूरला, सून रचना आणि नात अन्वीही तिकडेच. फ्लॅटमध्ये बाई एकट्या.

पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. सोसायटीच्या वॉचमननं आदरानं दार धरलं आणि म्हणाला, "आइए माताजी." बाईंनी एक पाय लिफ्टमध्ये आणि एक बाहेर ठेवून त्याला तिथल्या तिथं समजावलं, "मैं सेक्शन ऑफिसर होके रिटायर हुई हूँ, माताजी होके नहीं. मॅडम बोलिए." मला फिस्सकन हसू आलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि सरळ मराठीत विचारलं, पुण्याची का? मी हो म्हटलं. त्यांनी मलाही ताबडतोब बजावलं की आजी म्हणायचं नाही, आजी त्या फक्त एकाच मुलीच्या आहेत आणि ती बंगळूरला असते. मी विचारलं, मग काय म्हणू? त्या म्हणाल्या, ऑफिसात मराठी मंडळी बाई म्हणायची, तू पण म्हण.

पाच फुटांच्या आत-बाहेरची उंची, चष्म्याला साखळी, उन्हाळा असो नाहीतर कडाक्याची थंडी, इस्त्रीची सुती साडी. थंडीत वरून साहेबांचा जुना कोट. चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला व्हावा. आणि सगळ्यात मोठं खूळ म्हणजे लिहिणं. तोंडी भांडायच्या नाहीत. पाणी आलं नाही, अर्ज. जिन्यातला दिवा गेला, अर्ज. त्यावर जावक क्रमांक, खाली "प्रत माहितीसाठी" म्हणून आणखी तीन नावं. आमचे सेक्रेटरी चोप्राजी भले दांडगे गृहस्थ, सोसायटीच्या सभेत टेबलावर हात आपटून बोलायचे. पण बाईंचा लिफाफा आला की त्यांचा चेहरा पडायचा आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर. "बोललेलं हवेत जातं, वृंदा," बाई मला म्हणायच्या. "कागद बसून राहतो."

तर या बाईंनी साहेबांचं वर्षश्राद्ध उरकलं आणि पुढच्याच महिन्यात एक नवीन गोष्ट सुरू केली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी, दिल्लीतल्या एखाद्या चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलात जाऊन जेवायचं. एकटीनं. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला दुसऱ्या शनिवारची सुट्टी असायची, ती सुट्टी कायम भाजी निवडण्यात आणि चादरी धुण्यात गेली, म्हणून तोच दिवस वसूल करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. आणि हॉटेल म्हणजे कोपऱ्यावरचं छोले-भटुरेवालं नव्हे. जिथं आपलंच जेवण नव्या तऱ्हेनं करतात, मोठ्या थाळीत मधोमध चिमूटभर वाढतात, वाढणारा आधी दोन मिनिटं त्याची कहाणी सांगतो, तसलं. मी पुणेरी. मी म्हटलं, बाई, एवढ्याशा घासासाठी एवढं लांब कशाला? त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरणं शक्य नाही.

लग्नापासून साहेब जाईपर्यंत त्यांनी दोन वेळा स्वयंपाक केला. सकाळी डबे, संध्याकाळी ऑफिसच्या चार्टर्ड बसमधून उतरून पदर खोचून पुन्हा ओट्याशी. साहेबांना बाहेरचं अन्न बाधायचं. खरंच बाधायचं की नाही हे तपासायची संधी कधी मिळालीच नाही. त्यांना पोळी तव्यावरून थेट ताटात लागायची, समीरलाही तीच सवय. बाई शेवटी बसायच्या, तेव्हा पोळी वातड झालेली आणि आमटीवर साय धरलेली. मी जरा रागानंच साहेबांविषयी काहीतरी बोलले, तर मला तिथंच अडवलं. "माणूस चांगला होता," त्या म्हणाल्या. "पण चांगल्या माणसासाठीसुद्धा पोळ्या लाटाव्याच लागतात."

समीरला हे अजिबात पटत नव्हतं. तो वाईट मुलगा नव्हता हो, मी मुद्दाम सांगते. रोज फोन करायचा, आईच्या गोळ्या ऑनलाइन मागवायचा, वर्षातून दोनदा यायचा. पण आईनं एकटीनं उंची हॉटेलात जाऊन जेवणं म्हणजे बाबांच्या जाण्याचा डोक्यावर झालेला परिणाम, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याला आई बंगळूरला हवी होती, आपल्या डोळ्यांसमोर. बाईंना त्यांच्या घरात राहायचं होतं, एकटीनं, शेवटपर्यंत. सगळा झगडा एवढाच होता. तो फोनवर म्हणायचा, आई, एकटी बसून जेवतेस, लोक काय म्हणत असतील? बाई म्हणायच्या, लोक म्हणतात, मॅडम, पाणी साधं की सोड्याचं?

आणि मध्ये मी. समीरनं माझा नंबर घेतलेला. आई ठीक आहे ना, जरा लक्ष ठेव हं, असं तो म्हणायचा आणि मी भाबडेपणानं हो म्हणायचे. एकदा मी बाईंना म्हटलं की येत्या शनिवारी मीच येते तुमच्या सोबतीला. बाईंनी हातातला पेपर खाली ठेवला. त्या म्हणाल्या, सोबत कशाला, मी काय दवाखान्यात चाललेय? पाच वर्षांत त्यांनी मला स्वतःबरोबर कधी नेलं नाही. घरी मात्र हक्कानं बोलवायच्या, चहाबरोबर कालच्या हॉटेलची हकिगत वाढायच्या.

त्यातली माझी आवडती हकिगत म्हणजे दक्षिण दिल्लीतल्या एका हॉटेलची. बाईंना बघून तिथल्या माणसानं त्यांना आत आत नेलं आणि बाथरूमच्या दाराजवळच्या टेबलाशी खुर्ची ओढून दिली. खिडकीकडची चार टेबलं रिकामी. बाई बसल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, ती कुणासाठी? तो म्हणाला, मॅडम, वो फॅमिली के लिए है. बाई म्हणाल्या, "मैं ही फॅमिली हूँ." आणि उभ्या राहिल्या. चिडल्या नाहीत, आवाज चढवला नाही, ऑफिसात फाइल सापडेपर्यंत उभं राहायची सवय असलेल्या माणसासारख्या नुसत्या उभ्या. वाढप्यांना त्यांना वळसा घालून ट्रे न्यावे लागत होते. अकरा मिनिटांनी खिडकीचं टेबल मिळालं. अकरा हा आकडा मला ठाऊक आहे, कारण सोमवारी त्या हॉटेलला गेलेल्या पत्रात तो होता.

पण त्यांची खरी लढाई जुंपली ती गुडगावच्या एका हॉटेलाशी. काचेच्या इमारतीत तळमजल्यावर, भलतंच नावाजलेलं. तिथं नऊ पदार्थांचं ठरलेलं जेवण, एकामागून एक येणारं, आणि नियम असा की ते कमीत कमी दोघांनाच मिळेल. बाईंनी पत्र लिहिलं. उत्तर नाही. स्मरणपत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसऱ्या स्मरणपत्राची प्रत मी पाहिली होती, त्यात शेवटचं वाक्य होतं, "एका व्यक्तीस पोट एकच असते, परंतु ते पूर्ण असते, ही बाब आपल्या निदर्शनास आणण्यात येत आहे." हिंदीत आणि इंग्रजीत पाठवलं, मला दाखवायला मराठीत. तरी उत्तर नाही.

इथं मी नस्ती उठाठेव केली. बाईंना ऑनलाइन बुकिंग जमायचं नाही, म्हणजे जमायचं, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. मी म्हटलं, मी करते. आणि गुपचूप दोघांचं बुकिंग केलं. खाली एक चौकट होती, काही विशेष सांगायचं आहे का म्हणून. माझं मन भरून आलं, दुसरं काय. मी लिहिलं की या बाईंचे पती वारले आहेत, त्या एकट्याच येतील, कृपया त्यांना समजून घ्या. पाठवून दिलं आणि स्वतःवर फार खूश झाले.

बाई पोचल्या. खिडकीचं टेबल. टेबलावर दोन ताटं. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढच्या ताटात पांढरा गुलाब, बाजूला मेणबत्ती, ग्लासात पाणी भरलेलं. मॅनेजर मेहराजी हात जोडून उभे, डोळे ओलावलेले. म्हणाले, मॅडम, सर हमेशा आपके साथ हैं. बाई आधी त्या ताटाकडे बघत राहिल्या, मग मेहराजींकडे. "ज़िंदा थे तब बाहर खाने नहीं आए," त्या म्हणाल्या. "अब क्यों आएँगे?" आणि त्यांनी शांतपणे समजावलं की आमच्यात पितरांना पान वाढतात ते वर्षातून एकदा, ठरल्या तिथीला, आणि त्यात वांझोटा गुलाब नसतो, वडे-खीर असते. आपण आज श्राद्धाला आलेलो नाही, जेवायला आलो आहोत, तरी हे ताट उचलावं. ताट उचललं गेलं. मेणबत्ती विझली. बाईंनी नऊच्या नऊ पदार्थ खाल्ले, आणि मेहराजींना इतकं ओशाळवाणं झालं की दोघांचा तो नियम त्यांनी बाईंपुरता कायमचा गुंडाळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराखालून एक कागद सरकला. कारणे दाखवा नोटीस. "आपण माझे दुःख परस्पर एका उपाहारगृहास कळविण्याचा अधिकार कोणाकडून प्राप्त केलात, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा." मी आधी हसले. मग वर गेले, बेल वाजवली, बाईंनी दार उघडून विचारलं की खुलासा आणलाय का, आणि नाही म्हटल्यावर दार लावलं. मग माझं हसू गेलं. दोन रात्री बसून पानभर खुलासा लिहिला, अगदी खरं खरं, की तुमची कीव आली आणि ती दुसऱ्यांनाही यावी असं वाटलं. तो लाल शाईनं शुद्धलेखन सुधारून परत आला. खाली शेरा होता, "खुलासा मान्य. पुनरावृत्ती टाळावी." त्या संध्याकाळी चहाला बोलावलं आणि विषय कायमचा संपला.

कुणाला वाटेल, बाई नुसत्या भांडायला जायच्या. छे. त्यांच्याइतकं मन लावून जेवणारं माणूस मी पाहिलेलं नाही. मी त्या चिमूटभर वाढण्याची टिंगल करायचे, त्या कधीच करायच्या नाहीत. एका दुसऱ्या शनिवारी त्या परत आल्या त्या गप्पच. मला वाटलं, पुन्हा काही बिनसलं. मग हळूच म्हणाल्या, आज बिरडं होतं. गुडगावच्या त्या हॉटेलात, तळहाताएवढ्या पुरीवर, वालाचं बिरडं. बाई सीकेपी, बिरड्यावर त्यांचा जीव. पण वाल भिजवा, मोड आणा, मग गरम पाण्यात टाकून एकेक डाळिंबी सोला, बोटांची टोकं सुरकुतेपर्यंत. तो दोन तासांचा उद्योग त्यांनी आयुष्यभर केला, सणावाराला, पाहुण्यांना, साहेबांच्या वाढदिवसाला. "आज पहिल्यांदा न सोललेल्या डाळिंब्या खाल्ल्या," त्या म्हणाल्या, म्हणजे स्वतः न सोललेल्या. आणि त्यांचे डोळे भरले. तिथल्या अभिप्रायाच्या कार्डावर त्यांनी लिहून दिलं होतं की शेफसाहेबांचे आभार आहेतच, पण ज्या कुणी वाल सोलले त्या व्यक्तीला हे कार्ड दाखवावं.

वर्षं उलटत गेली. करोनाचे महिने सोडले तर दुसरा शनिवार कधी चुकला नाही. मग एका शनिवारी परत येताना मेट्रोत बाईंना चक्कर आली. डब्यातल्या दोघींनी जागा दिली, पाणी पाजलं, आणि एकीनं बाईंच्या फोनमधून समीरला कळवलं. बाई पुढच्या स्टेशनपर्यंत ठीक झाल्या होत्या, घरी येऊन त्यांनी मला सांगितलंसुद्धा नाही. पण समीर दुसऱ्या दिवशी विमानानं हजर. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, रक्तदाबाची गोळी बदलली. जाताना तो मला जिन्यात म्हणाला, आता बास. त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती.

त्यानंतर माझीच पुण्याला बदली झाली. बाईंनी मला एक पेन दिलं आणि सांगितलं, नवीन सोसायटीत पहिल्या दिवसापासून सगळं लेखी ठेव. सहा महिने गेले असतील, समीरचा फोन आला. आईचा सत्तरावा वाढदिवस, तिच्या आवडत्या गुडगावच्या हॉटेलात शनिवारी दुपारी सगळे जेवायला जाणार, तू यायलाच हवंस. मी आनंदानं हो म्हटलं. मग त्यानं पुढचं सांगितलं. फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालंय. बंगळूरच्या घरात आईची खोली तयार आहे. हे सरप्राइज त्या दिवशी द्यायचं. आणि तू असलीस की बरं, तुझं ती ऐकते. मी म्हटलं, अरे, त्यांना आधी विचार. तो म्हणाला, विचारलं तर नाही म्हणेल. मला तेव्हाच फोन ठेवून दुसरा नंबर लावता आला असता. मी लावला नाही. घरच्या माणसांत आपण कशाला पडा, असं म्हणून मी तोंडाला कुलूप घातलं, आणि आधीच्या खेपेला पडले होते तेव्हा काय झालं हे कारण पुढं केलं. ही माझी पळवाट होती, आज लिहून देते.

वाढदिवसाला बाईंनी मोरपंखी नारायणपेठ नेसली होती. मेहराजी दारापर्यंत सामोरे आले. या वेळी मोठं टेबल, पाच जणांचं. मेहराजींनी सवयीनं बाईंची खिडकीकडची खुर्ची ओढली. समीर आनंदात, रचना हळवी झालेली, अन्वी अकरा वर्षांची, मेन्यूवरचे पदार्थ मोठ्यानं वाचणारी. मला पहिले तीन पदार्थ काय होते ते आठवत नाही, माझं सगळं लक्ष समीरकडे होतं. बाई मात्र अन्वीला प्रत्येक घासाचं सांगत होत्या, हे आधी खा, यात आंबट आहे ते शेवटी.

तिसरं ताट उचललं तसं समीरनं फोन पुढं केला. खोलीचा फोटो. मोठी खिडकी, पलंग, कोपऱ्यात देव्हारा, टेबलावर लिहायला दिवासुद्धा. बाईंनी चष्मा सारखा करून नीट पाहिला आणि म्हणाल्या, छान आहे, पाहुण्यांची का? समीर म्हणाला, तुझी, आई. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. गिऱ्हाईक, कागदपत्रं, जूनमध्ये सामान हलवणं. नेमका त्याच वेळी वाढणारा चौथा पदार्थ घेऊन आला आणि त्यानं नेहमीप्रमाणे कहाणी सुरू केली, की हे कमळकाकडीचं आहे, काश्मीरहून प्रेरणा घेतली, वर अक्रोडाची चटणी. बाईंनी त्याची सगळी कहाणी ऐकून घेतली, त्याला थँक्यू म्हटलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

"बरं."

एवढंच. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. त्यांनी मेहराजींना खूण केली. ते लगबगीनं आले. बाई म्हणाल्या, एक के लिए टेबल दीजिए. मेहराजी गोंधळले, मॅडम, आपका टेबल तो यही है. बाई म्हणाल्या, हे यांचं आहे, मला माझं हवं. मेहराजींनी समीरकडे पाहिलं, आणि मला त्या माणसाचं आजही कौतुक वाटतं की दुसऱ्याच क्षणी त्यांनी नजर परत बाईंकडे नेली आणि "बिल्कुल मॅडम" म्हणाले. हॉलच्या मधोमध दोघांचं एक टेबल मोकळं होतं. बाईंनी स्वतःचा नॅपकिन घेतला, पाण्याचा ग्लास घेतला आणि चालत गेल्या. मेहराजी कमळकाकडीचं ताट घेऊन मागून. समोरची खुर्ची त्यांनी न सांगता काढून नेली.

सगळं हॉटेल बघत होतं. बाईंनी जेवायला सुरुवात केली. समीर उठून गेला, वाकला, हळू आवाजात बोलला, पण तिथं इतकी शांतता पसरली होती की सगळं ऐकू आलं.

"आई, लोक बघताहेत."

"बघू देत. सवय होईल त्यांना." मग त्यांनी काटा खाली ठेवला. "समीर, तू मला विचारलं नाहीस, कारण उत्तर तुला ठाऊक होतं. तुला माझी काळजी वाटते, वाटू दे, मुलगा आहेस. पण ते घर माझं आहे. मी पडेन, चक्कर येईल, एक दिवस मरेनसुद्धा, ते सगळं मी तिथं करीन. आता जा, तुझं ताट तसंच पडलंय."

तो परत आला आणि बसला. रचना रुमालानं डोळे टिपत होती. पाचवा पदार्थ आला, सहावा आला, दोन्ही टेबलांवर, तीच कहाणी दोनदा. आमच्या टेबलावर कुणी चमचा उचलेना. मधल्या टेबलावर बाई प्रत्येक ताट निगुतीनं संपवत होत्या, पुरीच्या तुकड्यानं वाटी पुसून घेत होत्या. कुणाला दाखवायला नव्हे. भूक लागलेली होती आणि जेवण चांगलं होतं.

सातव्या पदार्थाला अन्वी आपलं ताट उचलून आजीपाशी गेली आणि विचारलं, आजी, मी बसू इथं? मला वाटलं, आता बाई विरघळतील. आमच्या टेबलावर सगळ्यांनाच तसं वाटलं असणार. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "नाही गं," त्या म्हणाल्या. "हे एकाच माणसाचं टेबल आहे. मोठी झालीस की तुझं तू माग." अन्वी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती विचार करत परत आली, आपल्या जागी बसली आणि खायला लागली. मग आम्हीही खाल्लं.

शेवटचा गोड पदार्थ संपवून बाई आमच्याकडे आल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. समीरला म्हणाल्या, तुमचं विमान आठचं ना, मग पाच वाजता सगळे चहाला या, माझ्याकडे. माझ्याकडे पाहिलं. माझं विमान सहाचं होतं, त्यांना ठाऊक होतं. "पोचलीस की पत्र लिही," त्या म्हणाल्या. एवढ्यावर मला सोडलं, आणि मला रडू आलं ते माफ केलं म्हणून की केलं नाही म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या बाहेर पडल्या. काचेतून मला त्या दिसत होत्या. एप्रिलचं गुडगावचं ऊन, डोळे दिपवणारं. दारावरच्या माणसानं टॅक्सी बोलवू का म्हणून हात केला, बाईंनी मान हलवली, पर्समधून घडीची छत्री काढली, उघडली, आणि मेट्रोच्या जिन्याकडे चालायला लागल्या. मोरपंखी साडी, छत्री, ती सगळ्यांना बाजूला सारणारी चाल. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.

माझ्या पाठीमागे समीरनं फोन लावला होता. पलीकडे ब्रोकर असावा, तो बराच वेळ काहीबाही बोलत होता. समीर ऐकत होता, एका हातानं कपाळ चोळत.

"नहीं जी," तो शेवटी म्हणाला. "मकान बिकाऊ नहीं है. मेरी मम्मी रहती हैं वहाँ."